बिघाडाचा तास

अध्यक्षबाईंनी बटण दाबलं. काही झालं नाही. त्यांनी ते पुन्हा दाबलं, या खेपेला जरा जोरात, जसं आपण सगळेच दाबतो, बटणाला कमी ऐकू येत असल्यासारखं. तरीही काही नाही. तपासणी समितीचे तिघं जण, मुख्याध्यापक, नववीचा अख्खा वर्ग आणि ज्यांनी या शाळेत कार्यशाळा उभी केली त्या पक्कडबाई, असे सगळे जिन्याशेजारच्या त्या आकाशी रंगाच्या दाराकडे बघत उभे राहिले. दारामागे पुस्तकांचा पाळणा होता. तो जागचा ढिम्म हलला नाही.

पाळणा म्हणजे एक लाकडी पेटी. ग्रंथालय दुसऱ्या मजल्यावर, लहान मुलांचे वर्ग तळमजल्यावर. म्हणून खालून चिठ्ठी ठेवून बटण दाबायचं, पेटी दोरावरून वर जायची, ग्रंथपाल तीत पुस्तक ठेवायचे आणि पेटी खाली यायची. सुतारकाम, मोटर, वायरिंग आणि वर-खाली ठरवणारा छोटा कॉम्प्युटर, सगळं नववीच्या मुलांनी केलेलं होतं. काल दुपारपर्यंत पाळणा अगदी शहाण्यासारखा वर-खाली करत होता. आज त्यानं बरोबर वेळ साधली होती.

आणि वेळ साधीसुधी नव्हती. समिती आज दोनातलं एक ठरवणार होती. एक तर कार्यशाळेचा विषय बंद करून त्या खोलीत परीक्षेच्या सरावाची बाकं टाकायची. नाही तर तोच विषय गणित-विज्ञानाच्या बरोबरीनं, तितक्याच गुणांचा करून सगळ्या शाळांत न्यायचा. मधला रस्ता नव्हता. बाईंच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि त्यांची सगळी नोकरी या वेळी त्या पेटीत बसून होती, असं म्हटलं तरी चालेल.

पक्कडबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव शिक्षकांच्या फलकावर होतं, पण ते कुणी वाचत नसे. पर्समध्ये रुमालाशेजारी कायम एक पक्कड असायची, म्हणून पोरांनी हे बारसं केलं. पहिल्यांदा ते कानावर आलं तेव्हा बाईंनी डोळे वटारले. दुसऱ्यांदा आलं तेव्हा त्याच पक्कडीनं त्या मागच्या बाकाचा खिळा उपटत होत्या, त्यामुळे काही बोलायला तोंडच उरलं नाही. पुढे तर घरी त्यांचे यजमानही फोन उचलून "पक्कडबाई बाहेर गेल्यात" असं बिनदिक्कत सांगायला लागले.

शाळेत त्या आल्या विज्ञान शिकवायला. पहिल्याच उन्हाळ्यात वर्गातला पंखा बंद पडला. वायरमन आज येतो, उद्या येतो म्हणता म्हणता महिना लोटला. बाई तेव्हा विजेचा धडा शिकवत होत्या. घामानं निथळणाऱ्या पोरांना फळ्यावर खडूनं वीज कशी वाहते ते दाखवताना त्यांना एके दिवशी स्वतःचीच भयंकर लाज वाटली. त्यांनी मेन स्विच पाडला, टेबलावर स्टूल चढवलं, दोन मुलांना स्टूल धरायला लावलं आणि पंखा खाली उतरवला. तो तास पंख्याच्या पोटात झाला. पंखा चालू झाला आणि बाईंना मुख्याध्यापकांचं बोलावणं आलं. "बाई," तेव्हाचे मुख्याध्यापक म्हणाले, "पंखा जरूर शिकवा. पण फळ्यावर."

बाईंनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी शाळेची घंटा उघडली.

मोडक्या बाकांची अडगळीची खोली त्यांनी मागून घेतली. मागून घेतली म्हणजे काय, इतक्या वेळा मागितली की द्यायला लागली. बंद पडलेल्या एका कारखान्यातून लोखंड कातायचा जुना लेथ आणला, शिंप्याच्या दुकानातून दोन शिलाई मशिनी आणल्या. मग मुलींना लेथवर आणि मुलांना शिलाईवर बसवलं, आणि शाळेबाहेर गहजब झाला. एक वकील तणतणत आले. "माझ्या मुलानं शिलाई करायची?"

"तुमच्या कोटाचं बटण तुटलं तर कोण लावतं?" बाईंनी विचारलं.

"बायको लावते."

"मग त्यांचं मत विचारून या."

दुसऱ्या दिवशी वकील आले नाहीत, वकिलीणबाई आल्या. त्यांनी मुलाला शिलाईचा तास चुकवू देऊ नका म्हणून बजावलं आणि जाताना लेथ कसा फिरतो तेही बघून घेतलं.

पुढे कॉम्प्युटर आले. ते फुलाफुलांच्या आवरणाखाली एका खोलीत कुलूपबंद झाले, का, तर धूळ बसायला नको. धूळ बसली नाही आणि पोरंही बसली नाहीत. बाईंनी ती आवरणं काढून शिवणाच्या तासाला कापायला दिली आणि कॉम्प्युटर कार्यशाळेत हातोड्यांशेजारी आणून मांडले. सुट्टीच्या दिवशी हत्यारांची पिशवी घेऊन त्या दुसऱ्या शाळांच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. आमच्याकडे हे चालतं, तुमच्याकडेही चालेल, मी येऊन शिकवते, एक खोली द्या. सगळीकडे चहा मिळायचा. "फार मोलाचं काम करताय" असं म्हणून दारापर्यंत सोडायला यायचे. खोली कुणी दिली नाही. पिशवी जड होती, आणि परत येताना ती आणखी जड व्हायची.

यजमान विमा कचेरीत. त्यांना बल्बसुद्धा बदलता येत नसे आणि त्याचा त्यांना अभिमान होता. "या घरातली एक वस्तू अशी सांग, जी तू उघडली नाहीस," ते म्हणायचे.

"तुमचं कपाट."

"ते उघडू नकोस. त्यात मी चालू रेडिओ लपवलाय."

आजच्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी थट्टा केली नाही. दाराशी आले, उगाच चप्पल सरळ केली आणि म्हणाले, "काय व्हायचं ते होऊ दे. वेळेवर घरी ये. मिक्सर बंद पडलाय." बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण मिक्सर उत्तम चालू होता हे त्यांना माहीत होतं.

आता त्या बिघाडाच्या तासाबद्दल सांगायलाच हवं, कारण सगळा घोळ तिथला. यंत्र बनवायला शिकवणारे पुष्कळ असतात. बाई बिघडवायला शिकवत. वर्गाच्या तीन तुकड्या होत्या. दर गुरुवारी एका तुकडीनं शाळेतल्या कुठल्याही एका यंत्रात गुपचूप बिघाड घालायचा आणि शुक्रवारी पहिल्या तासाला बाकीच्यांनी तो शोधून काढायचा. नियम मोजके आणि कडक. वीज बंद केल्याशिवाय हात लावायचा नाही. काही तोडायचं नाही, कुणाला लागेल असं काही करायचं नाही. घालणाऱ्यांनी शोधणाऱ्यांना चकार शब्द सांगायचा नाही, बाईंनाही नाही. आणि बिघाड सापडला की घालणाऱ्यानं हात वर करायचा, मग शोधणाऱ्याला टाळ्या आणि घालणाऱ्यालाही टाळ्या. बाई नेहमी बजावायच्या, "मी असो नसो, जग इकडचं तिकडे होवो, गुरुवारचा तास झाला पाहिजे."

काल गुरुवार होता.

बाईंना वर्गाला सांगायचं होतं की उद्या तपासणी आहे, या आठवड्यात बिघाड नको. पण ऐन तासाला मुख्याध्यापकांनी त्यांना स्वागताच्या तालमीला बोलावून घेतलं. आताचे मुख्याध्यापक मनानं वाईट नव्हते, पण तपासणी म्हटलं की त्यांच्या पाचावर धारण बसायची. पाहुण्यांनी कुठून यायचं, कुणी आधी नमस्कार करायचा, कुठल्या खुर्चीचा पाय लंगडतोय, यातच संध्याकाळ झाली आणि बाई ते सांगायचं साफ विसरल्या. आज सकाळी पहिल्याच तासाला सगळ्या वर्गाला स्वागताच्या रांगेत उभं केलं. पाळणा चालवून बघू म्हणून बाई गेल्या तर दाराला कुलूप. "रंग ओला आहे," मुख्याध्यापक म्हणाले. "शिपाईमामांकडून रात्रीतून आकाशी करून घेतलंय. आतूनसुद्धा! पाहुण्यांच्या आधी कुणी बोटं उमटवू नका."

आणि आता पाहुणे बटण दाबत होते.

बाईंनी वर्गाकडे पाहिलं. पहिल्या तुकडीची बडबडी, जी झोपेतही बोलते असं तिची आई सांगायची, ती तोंड शिवल्यासारखी गप्प होती. दुसऱ्या तुकडीतला लांबू छताचं निरीक्षण करत होता. तिसरी तुकडी आपापल्या बुटांकडे बघत होती. बाईंना सगळं एका क्षणात कळलं. मागच्या आठवड्यात सुट्टी पडली होती. त्यामुळे पाळी कुणाची, यावर प्रत्येक तुकडीचं आपलं आपलं गणित झालं असणार. आणि आठवडाभर वर्गानं पाळण्याखेरीज दुसऱ्या कशाला हात लावला नव्हता. म्हणजे एक नाही, तीन. तिन्ही तुकड्यांनी एकमेकांच्या नकळत एकाच पाळण्याला हात दाखवला होता.

मुख्याध्यापक बाईंच्या कानाशी आले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "वीज गेली म्हणून सांगा. मी मेन स्विच पाडतो."

"दिवे चालू आहेत, सर."

"तेही पडतील ना! तुम्ही फक्त हो म्हणा. तोवर मी चहा मागवतो."

खरं सांगायचं तर बाईंना मोह झाला. वीज गेली म्हटलं की सुटलो. पाहुणे चहा घेतील, तेवढ्यात पोरांना कोपऱ्यात घेऊन काय काय केलंत ते विचारता येईल, पाच मिनिटांत पाळणा चालू. सव्वीस वर्षांची मेहनत एका थापेवर वाचत होती. त्यांनी ओठ उघडलेही. पण समोर सबंध वर्ग उभा होता आणि वर्गाला ठाऊक होतं की वीज आहे.

"वीज आहे," बाई मोठ्यानं म्हणाल्या. "पाळण्यात बिघाड आहे. आणि बहुतेक तो आमच्याच मुलांनी घातलाय."

मुख्याध्यापकांनी डोळे मिटून घेतले.

अध्यक्षबाई कडक इस्त्रीच्या होत्या, कपड्यांनीही आणि चेहऱ्यानंही. "मुद्दाम?" त्यांनी विचारलं.

"मुद्दाम. दर गुरुवारी घालतात."

"आज तपासणी आहे हे त्यांना माहीत नव्हतं?"

"होतं. पण काल गुरुवार होता हेही माहीत होतं."

समितीतले घड्याळवाले सदस्य, जे आल्यापासून मनगटाकडे बघत होते, ते म्हणाले, "मग विचारा त्यांना काय केलंय ते, आणि चालू करा. आम्हाला पुढे जायचंय."

"विचारा ना हो!" मुख्याध्यापक कळवळून म्हणाले.

"विचारलं तर सांगतील," बाई म्हणाल्या. "पण मग तुम्ही काय पाहिलं? चालणारं यंत्र दुकानातही बघायला मिळतं." धीटपणानं बोलणं वेगळं आणि भीती न वाटणं वेगळं. त्यांना खूप भीती वाटत होती. "मला तासाभराचा वेळ द्या. आमचा शुक्रवारचा पहिला तास राहिलाय, तो इथेच घेते."

अध्यक्षबाईंनी जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर रुमाल अंथरला आणि बसल्या. त्या बसल्यावर बाकीच्या दोघांना उभं राहायची सोय उरली नाही.

बाई वर्गाकडे वळल्या. "चला. कुठून सुरुवात?"

"वीज येते का ते बघायचं!" पंधरा-वीस तोंडं एकदम उघडली.

वीज येत होती. मग लांबूच्या तुकडीनं मेन स्विच पाडून बटणाची पेटी उघडली. बटण दाबल्यावर आत पत्र्याला पत्रा टेकायला हवा; तो टेकल्यासारखा दिसत होता, पण मधे कागदाचा इवलासा कपटा होता, इतका पातळ की डोळ्यांना दिसू नये. लांबूनं बोटाचं टोक फिरवून तो ओळखला. कपटा निघाला तशी बडबडीनं हात वर केला आणि सकाळपासून तुंबलेलं सगळं बोलणं बाहेर पडलं. आम्ही कालच घातला, जेवणाच्या सुट्टीत, मला वाटलं आमचीच पाळी आहे, बाई, शपथ, मला रात्रभर झोप नाही. टाळ्या झाल्या, तिलाही आणि लांबूलाही. घड्याळवाले सदस्य टाळ्या वाजवायच्या बेतात होते, पण आपण तपासणीला आलोय हे त्यांना वेळीच आठवलं.

पुन्हा वीज चालू, पुन्हा बटण. पाळणा तसाच.

आता बडबडीची तुकडी कॉम्प्युटरकडे वळली. पडद्यावर पाळण्याच्या सूचना एकाखाली एक होत्या. ती मोठ्यानं वाचत गेली आणि मधेच थांबून ओरडली, "हे काय! वर जायचं बटण दाबलं की खाली जा! पेटी तर खालीच आहे, मग बिचारी जाणार कुठे?" कुणीतरी वर आणि खालीची अदलाबदल करून ठेवली होती. लांबूचा हात वर गेला, आणि त्याचा हात वर गेला की तो सगळ्यांनाच दिसे. पुन्हा टाळ्या. समितीतले तिसरे सदस्य, वयानं तरुण, पायरीवरून उठून केव्हाच पडद्याजवळ येऊन उभे होते. "ही अदलाबदल मीही ओळखली असती का कोण जाणे," ते म्हणाले, आणि अध्यक्षबाईंच्या नजरेला नजर न देता तिथंच थांबले.

तिसरा बिघाड वरच्या मजल्यावर निघाला. मोटरला सरळ वीज देऊन पाहिली तरी ती फिरेना. वीज पुन्हा बंद करून लांबू आणि बडबडी पोटावर पडून वायरीवर बोट फिरवत गेले. एके जागी चिकटपट्टी नव्यासारखी चकचकीत दिसली. सोडवून पाहिली तर आत वायरीची दोन टोकं शेजारी शेजारी, पण एकमेकांना न टेकता. जोडल्यावर मोटर गुरगुरली. तिसऱ्या तुकडीनं सामुदायिक हात वर केला. मग सगळी वरात टाळ्या वाजवत खाली आली. तीन तुकड्या, तीन बिघाड, तिन्ही सापडले. मुख्याध्यापकांचा जीव भांड्यात पडला. बाईंनी अध्यक्षबाईंना हातानं बटण दाखवलं.

अध्यक्षबाईंनी उठून बटण दाबलं. काही झालं नाही.

आता मात्र बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी वर्गाकडे पाहिलं. "आणखी कुणी?" कुणी हात वर केला नाही. पोरं एकमेकांकडे बघत होती आणि त्यांची तोंडं खरोखरच कोरी होती. म्हणजे हा बिघाड कुणी घातलेला नव्हता. तो खरा होता. इतकी वर्षं लुटूपुटूची लढाई शिकवली आणि खरी लढाई नेमकी आज, या तिघांच्या देखत. बाई मनात भराभर शक्यता तपासू लागल्या. दोर? मोटर? बटण पुन्हा? काही सुचेना. घड्याळवाले सदस्य उभे राहिले.

"बाई," मागून एक आवाज आला. "हे दोन्ही कसे काय लागलेत?"

ती हळूबाई होती. तिसऱ्या तुकडीतली ही मुलगी सगळं इतकं सावकाश करायची की डबा संपेपर्यंत तास सुरू व्हायचा. सगळी वरात वर गेली तेव्हा ती जिना चढून अर्ध्यात पोचली होती, तोवर सगळे खाली आले, म्हणून तीही खाली आली आणि बटणाच्या पेटीपाशी उभी राहिली. त्या पेटीवर दोन बारीक दिवे होते. पाळणा तळाशी असला की हिरवा लागायचा आणि वर पोचला की पिवळा. तळाशी आणि वर एकेक छोटा खटका होता, पाळणा तिथं पोचला की तो दाबला जायचा आणि दिवा लागायचा.

"हिरवा लागलाय," हळूबाई म्हणाली, आणि थांबली. तिला कुणी घाई केली नाही. "पिवळाही लागलाय. म्हणजे पाळणा खाली पण आहे आणि वर पण आहे." पुन्हा थांबली. "त्याला वाटतंय आपण वरच आहोत. मग तो वर कशाला जाईल?"

सकाळपासून ते दिवे तसेच लागलेले होते. सगळ्यांनी पाहिले होते, बाईंनीही पाहिले होते, आणि कुणालाही दिसले नव्हते. बाईंना आपल्याला सुचलं नाही याचं जराही वाईट वाटलं नाही. त्यांना असा काही आनंद झाला की त्या पोरीला उचलून घ्यावंसं वाटलं.

"जा," त्या म्हणाल्या. "वरचा खटका बघून ये. तूच जा."

हळूबाई निघाली. आणि गंमत अशी की एकही माणूस तिच्या पुढे गेला नाही. समिती, मुख्याध्यापक, वर्ग, ग्रंथपाल, सगळे तिच्या मागून तिच्याच गतीनं एकेक पायरी चढले. वर पोचून तिनं दारातून डोकं आत घातलं. बराच वेळ आतच ठेवलं. मग बाहेर काढलं तेव्हा तिच्या नाकाला रंग लागला होता.

"खटका दाबलेलाच राहिलाय," ती म्हणाली. "रंगात चिकटलाय. आकाशी रंगात."

वर्गाला नियम पाठ होता. सापडल्यावर हात वर. आणि आकाशी रंग कुणी आतूनसुद्धा द्यायला लावला, हे सगळ्या शाळेला माहीत होतं. सगळी डोकी हळूहळू एकाच दिशेला वळली. मुख्याध्यापक लाल झाले. त्यांनी टाय सैल केला, घसा खाकरला, समितीकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं. मग आपला उजवा हात त्यांनी वर केला, अगदी कोपर सरळ करून.

जिना दणाणून गेला. त्या दिवशीच्या सगळ्यांत मोठ्या टाळ्या मुख्याध्यापकांना पडल्या. "सगळ्यांत अवघड बिघाड सरांचा!" बडबडी किंचाळली. मुख्याध्यापक आधी कानकोंडे झाले, मग त्यांना हसू फुटलं आणि ते एकदा फुटलं ते आवरेना. अध्यक्षबाईंची इस्त्री पहिल्यांदा मोडली. त्या तोंडावर रुमाल धरून हसत होत्या आणि रुमालावर पायरीची धूळ होती.

हळूबाईनं पाण्यात बुडवलेल्या चिंधीनं खटका पुसला. तिनं वेळ घेतला. मग खाली अध्यक्षबाईंनी बटण दाबलं आणि पाळणा उठला, कुरकुरत, आकाशी थेंब गाळत, वर गेला. थोड्या वेळानं तो पुस्तक घेऊन खाली आला तेव्हा घड्याळवाले सदस्य जोरजोरात टाळ्या वाजवत होते, आणि आता त्यांना काही आठवलं नाही.

अध्यक्षबाईंनी बाईंना बाजूला घेतलं नाही. सगळ्यांसमोरच बोलल्या. "मी खरं ते सांगते. आम्ही येतानाच ठरवून आलो होतो, ही खोली बंद करायची. तुमचा पाळणा पहिल्या फटक्यात चालला असता तर मी छान म्हणाले असते, चहा घेतला असता आणि जाऊन सही केली असती." "आता ती सही करायला हात उठणार नाही. हा विषय सगळ्या शाळांत जाईल. गणिताइतक्याच गुणांचा. तुम्ही मास्तरांना शिकवाल का? बिघाडाचा तास धरून?"

ज्या बाईंची दातखीळ सव्वीस वर्षांत कुठल्या मुख्याध्यापकापुढे बसली नव्हती, त्यांना हो एवढा एक शब्द फुटेना. शेवटी त्यांनी मान हलवली आणि रडायला लागल्या, अगदी मुलांसमोर, डोळे न लपवता. मग मुलांनीही टाळ्या वाजवायच्या सोडून त्यांच्याभोवती कोंडाळं केलं आणि कुणाचा तरी रंगाचा हात त्यांच्या पाठीवर उमटला.

पुढे उन्हाळ्याच्या सुट्टीत कार्यशाळेत पोरं नव्हती. लेथ, शिलाई मशिनी आणि कॉम्प्युटर यांच्यामधून दाटीवाटीनं बाकं लावली होती आणि त्यांवर वेगवेगळ्या शाळांचे मास्तर आणि शिक्षिका बसल्या होत्या, चांगले इस्त्रीचे कपडे घालून, हात मांडीवर ठेवून. यांतल्या कित्येकांच्या शाळेचा चहा बाईंनी प्यायला होता. दोघांना तर दारापर्यंत सोडायला आल्याचं आठवत असावं, कारण ते मान वर करत नव्हते. बाईंना त्यांचा राग आला नाही. येईल असं वाटलं होतं, पण नाही आला. प्रत्येकापुढे एक बंद पडलेलं यंत्र होतं, आणि एक स्क्रूड्रायव्हर.

यजमानांनी बाईंना छानसं भाषण टाइप करून दिलं होतं. बाईंनी ते काढलं, पहिली ओळ वाचली, घडी करून परत पर्समध्ये ठेवलं.

"उघडा," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी एकमेकांकडे पाहिलं. एक पांढऱ्या केसांच्या गणिताच्या बाई चाचरत म्हणाल्या, "आधी काही समजावून नाही का सांगणार?"

"आत सगळं लिहिलंय. उघडा."

त्या बाईंनी स्क्रूड्रायव्हर उलटा धरला, मग सुलटा केला. त्यांच्या शेजाऱ्यानं पहिला स्क्रू फिरवला. मग मागच्या बाकावर कुणी तरी फिरवला, मग खिडकीपाशी, आणि बघता बघता सगळ्या खोलीभर तोच बारीक करकर आवाज सुरू झाला. बाई फळ्याला टेकून उभ्या राहिल्या. ज्या आवाजासाठी त्या जड पिशवी घेऊन दारोदार फिरल्या होत्या, तो हा होता. त्या हसत उभ्या राहिल्या आणि ऐकत राहिल्या.